टेकडीमागचं तळं आणि अँटेनामागचा पत्रा

एका वाचकाचं पत्र, थोडं आटोपशीर करून:

‘सहा महिन्यांपूर्वी जीपीएस असलेला, घडी होणारा छोटा कॅमेरा ड्रोन घेतला. खोक्यावर रेंज चार किलोमीटर लिहिली आहे. मी उडवतो त्या मैदानापासून सहाशे मीटरवर टेकडी आहे आणि टेकडीपलीकडे दोनशे मीटरवर तळं. पहाटेच्या धुक्यात त्या तळ्याचं चित्रण करायचं, हा एकच ध्यास आहे. पण टेकडी ओलांडून ड्रोन जरा खाली घेतला की चित्र अडकतं आणि मग पडदा काळा. तीन वेळा ड्रोन आपोआप परत आला. एका मित्राकडे रिमोटच्या अँटेनामागे बसवायचा पत्रा आहे. तो म्हणतो लाव, रेंज दुप्पट होते. मी रिमोटचा सिग्नल वाढवणारा दोन वॉटचा बूस्टरही बघून ठेवलाय, पण दुसरा मित्र म्हणतो तो बेकायदा असतो. काय घेऊ? ता. क. भाच्याच्या खेळण्यातल्या ड्रोनसाठी घरातला वायफाय एक्स्टेंडर पॉवर बँकेवर चालवला तर जमेल का?’

प्रिय वाचक,

तीन वेळा ड्रोन आपोआप परत आला, हे तुम्ही तक्रारीच्या सुरात लिहिलंय. मला ते वाचून आधी हायसं वाटलं आणि लगेच पोटात गोळा आला. कारण परत येताना तो त्याच टेकडीवरून आला. तेव्हा पत्रा आणि बूस्टर जरा बाजूला ठेवा आणि पुढच्या उड्डाणाआधी ॲपच्या सेटिंगमध्ये रिटर्न टू होमची उंची किती आहे ते बघा. सिग्नल तुटला की ड्रोन त्या उंचीवर चढतो आणि सरळ रेषेत घराकडे, म्हणजे उडवला त्या जागेकडे निघतो. ही उंची मोजली जाते ती तुम्ही ड्रोन जिथून उडवला त्या जागेपासून. वाटेत जमीन किती वर आलीय याचा त्याला पत्ता नसतो. टेकडी मैदानापेक्षा ६० मीटर उंच आणि सेटिंगमधला आकडा ४०, तर ड्रोन अगदी आज्ञाधारकपणे टेकडीच्या कुशीत जाऊन आदळेल. छोट्या ड्रोनांपैकी पुष्कळांना समोरचं दिसतच नाही, त्यांचे सेन्सर पोटाखाली असतात आणि उतरतानाच कामाला येतात. तीनदा वाचला, म्हणजे आकडा बहुधा पुरेसा असावा, किंवा सिग्नल तुटला तेव्हा ड्रोन नशिबानं वरच असावा. या ‘बहुधा’च्या भरवशावर चौथी फेरी मारू नका. टेकडीचा माथा, त्यावरचं सगळ्यात उंच झाड, आणि त्यावर आणखी १५-२० मीटर, एवढा आकडा घालून ठेवा.

आता मूळ दुखण्याकडे वळू.

खोक्यावरचे चार किलोमीटर मोजलेले असतात ते मोकळ्या माळावर, मध्ये अडथळा नाही आणि आसपास दुसऱ्या कुणाचा रेडिओ नाही अशा ठिकाणी. शिवाय ते एकतर्फी असतात: सिग्नल तुटेपर्यंत ड्रोन गेला, तिथे आकडा लिहिला. परतीचं कुणी बघत नाही. पण हे सगळं वजा केलं तरी चार किलोमीटरच्या ड्रोनला ८०० मीटरवर धाप लागायचं कारण नाही. तुमची रेंज संपत नाहीये. तुमच्या आणि ड्रोनच्या मध्ये टेकडी येतेय.

मीडियम वेव्हचं रेडिओ केंद्र डोंगराआडच्या घरातही ऐकू येतं, कारण त्या लहरींची लांबी शेकडो मीटर असते आणि त्या डोंगराला वळसा घालून जाऊ शकतात. तुमचा रिमोट बोलतो २.४ किंवा ५.८ गिगाहर्ट्झवर. तिथे लहरीची लांबी अनुक्रमे साडेबारा आणि साधारण पाच सेंटिमीटर. वीतभरसुद्धा नाही. असल्या लहरी जवळजवळ उजेडासारख्या वागतात, आडोसा आला की मागे सावली पडते. टेकडीच्या धारेला घासून थोडं काही पलीकडे झिरपतं, पण किती? तुम्ही दिलेल्या अंतरांवरून मी कागदावर हिशेब मांडला. दृष्टिरेषा टेकडीच्या धारेला नुसती टेकली, तरी ६ डेसिबेल जातात. धार त्या रेषेच्या १० मीटर वर आली, की २० डेसिबेलहून जास्त जातात. हाही हिशेब टेकडी सुरीच्या पात्यासारखी आहे असं धरून केलेला. खऱ्या टेकड्या गोलसर असतात, त्यांच्यावर झाडं असतात, तिथे नुकसान आणखी वाढतं.

डेसिबेलचं कोष्टक सोपं आहे. ३ म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट, २० म्हणजे शंभरपट. म्हणजे ड्रोन सावलीत नुसता १० मीटर उतरला, तरी तुमच्यापर्यंत सिग्नलचा शंभरावा हिस्साही पोचत नाही. तो भरून काढायचा तर १०० मिलिवॉटच्या रिमोटला १० वॉटचा करावा लागेल. तुम्ही बघून ठेवलेला बूस्टर दोन वॉटचा आहे. सावलीत पाच-सहा मीटर उतरलात की तो हात टेकेल, कारण सावली खाली खाली दाटच होत जाते.

आणखी एक गोष्ट, जी मलाही उशिराच कळली. ड्रोन डोळ्यांना दिसतोय म्हणजे सिग्नलची वाट मोकळी आहे, असं होत नाही. सिग्नल तुमच्यापासून ड्रोनपर्यंत ताणलेल्या दोरीसारखा जात नाही. तो चातीसारखा असतो, दोन्ही टोकांना निमुळता आणि मध्ये फुगलेला. ८०० मीटरच्या अंतरावर २.४ गिगाहर्ट्झला हा फुगवटा मधोमध सुमारे पाच मीटर त्रिज्येचा असतो. त्याचा निदान साठ टक्के भाग मोकळा लागतो. झाडांच्या शेंड्यांवरून नेमका दिसणारा ड्रोन चित्र का अडकवतो, याचं कोडं बहुतेक वेळा इथे सुटतं. ओली पानं तर सिग्नल पिऊनच टाकतात.

तरी तुमच्या मित्राचा पत्रा काय करतो ते बघू, कारण तो अगदीच टाकाऊ नाही. कंदिलामागे पत्रा धरला की मागचा उजेडही पुढे येतो. कंदील मोठा झालेला नसतो, उजेड फक्त एका बाजूला लोटला जातो. अँटेनामागचा पत्रा हेच करतो. त्यात वीज नाही, बिघडायला काही नाही, आणि मला आवडणारा गुण म्हणजे तो दोन्ही बाजूंनी काम करतो: रिमोटचं बोलणं एकवटतो तसं ड्रोनकडून येणारं चित्रही जास्त गोळा करतो. पण ‘रेंज दुप्पट’ ही मित्राची अतिशयोक्ती. अंतर दुप्पट झालं की सिग्नल चौथाई होतो, म्हणून दुप्पट रेंजसाठी चौपट, म्हणजे ६ डेसिबेल कमवावे लागतात. पत्र्यानं ३ मिळाले असं धरलं, तर रेंज फार तर १.४ पट होईल. आणि त्याची किंमत मोजावी लागते: उजेड एकीकडे गेला म्हणजे दुसरीकडे अंधार. तुम्ही जरा वळलात, ड्रोन डोक्यावर आला, मागे गेला, की पत्रा नसताना होता त्याहूनही सिग्नल कमी. डोळे पडद्यावर आणि हात नकळत दुसरीकडे वळलेले, हे आपल्या सगळ्यांचंच होतं. तुमच्या रिमोटला बाहेर दांड्या आहेत की अँटेना आतच लपलेला आहे, तेही बघा. लपलेला असेल तर पत्रा कशामागे लावताय हेच कळणार नाही.

एक फुकटचा उपाय सांगतो. दांडीच्या अँटेनातून सिग्नल दांडीभोवती चुंबळीसारखा पसरतो. चुंबळीच्या मधल्या भोकात जवळजवळ काहीच नसतं, आणि ते भोक दांडीच्या टोकाच्या दिशेला असतं. तरीही निम्मे लोक अँटेनाची टोकं ड्रोनकडे रोखून उभे असतात, जणू बंदुकीचा नेमच धरलाय. टोक नको, बाजू दाखवा. ड्रोन लांब असेल तर दांड्या उभ्या ठेवा, डोक्यावर असेल तर आडव्या. चपट्या पट्टीचा अँटेना असेल तर सपाट अंग ड्रोनकडे हवं. ड्रोनकडे तोंड करून उभे राहा, कारण माणूस म्हणजे रेडिओच्या दृष्टीनं पाण्याचा रांजण. पाठ फिरवलीत की तुम्हीच टेकडी झालात. ॲपमध्ये चॅनेल हातानं निवडता येत असतील तर गर्दी नसलेला निवडा. एवढ्यानं जे मिळतं ते कित्येकदा पत्र्याहून जास्त असतं.

बूस्टरबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घेऊ नका. कायदा हे एक कारण झालं, पण मी आधी यंत्राचं बोलतो. रिमोट आणि ड्रोन यांचं संभाषण दोन्ही बाजूंनी चालतं. तुमच्या हातातून ‘डावीकडे जा’ हा हुकूम जातो आणि ड्रोनकडून चित्र, उंची, बॅटरी हे सगळं येतं. हुकूम अगदी थोड्या शब्दांचा असतो. चित्राचा बोजा कितीतरी पट मोठा. म्हणून सिग्नल क्षीण झाला की आधी चित्र जातं. तुमचं नेमकं तेच होतंय. बूस्टर तुमचा आवाज मोठा करतो. ड्रोनचा आवाज होता तेवढाच राहतो. म्हणजे तुम्ही ओरडताय, समोरचा कुजबुजतोय आणि तुम्हाला त्याचंच ऐकायचंय. काही बूस्टर येणारा सिग्नलही वाढवतात, पण त्याबरोबर खरखर वाढवतात आणि आपली थोडी खरखर त्यात घालतात. शिवाय आजचे रिमोट एका सेकंदात अनेकदा बोलणं आणि ऐकणं आलटून पालटून करतात. बूस्टरला तेवढ्या चपळाईनं बाजू बदलता आली नाही, तर शब्दांची टोकं कापली जातात. त्याला हवा त्याहून जोरदार सिग्नल मिळाला तर तो सिग्नल विकृत होतो आणि शेजारच्या चॅनेलांवर सांडतो. मैदानात आणखी कुणी उडवत असेल तर त्याचं चित्र तुमच्यामुळे जाईल आणि त्याला कारणही कळणार नाही. उड्डाणाच्या वेळी ड्रोन पायाशी असतो. तिथे दोन वॉट म्हणजे कानात भोंगा वाजवल्यासारखं, रिसीव्हर बधिर होतो. आणि अँटेना न लावता चुकून बूस्टर चालू केलात तर शक्तीला बाहेर पडायला वाट नसते, ती उलटून बूस्टरच जाळते. रिमोट उघडून केसासारख्या वायरींची बटणाहून लहान कनेक्टरं काढा-घाला करायची, ते वेगळंच. त्यानंतर वॉरंटीचं नाव काढू नका.

कायद्याचं तुमचा दुसरा मित्र बरोबर सांगतोय, फक्त त्यानं पत्र्यालाही त्यात धरायला हवं होतं. परवाना न घेता वापरायच्या या रेडिओ-पट्ट्यांवर किती शक्ती सोडायची याला प्रत्येक देशात मर्यादा आहे. मर्यादा मोजतात ती यंत्राच्या नुसत्या वॉटची नसते, अँटेनानं एकवटून बाहेर सोडलेल्या सिग्नलची असते. म्हणून पत्राही हिशेबात येतो. युरोपात २.४ गिगाहर्ट्झला ही मर्यादा १०० मिलिवॉट आहे, ५.८ ला २५. अमेरिकेत बरीच सैल आहे. एकाच ड्रोनच्या माहितीपत्रकात दोन आकडे का असतात, ते यामुळे. डीजेआयच्या मिनी २ चे अमेरिकी नियमानुसार १० किलोमीटर आणि युरोपीय नियमानुसार ६, यंत्र तेच. ॲपला आपण दुसऱ्याच देशात आहोत असं भासवून रेंज वाढवणारे बहाद्दर आहेत. तुम्ही त्यांच्या वाटेला जाऊ नका. आपल्या भागातली मर्यादा उड्डाणाआधी बघून घ्या.

पण तुमच्यासाठी याहून मोठा नियम दुसराच आहे. छंदाचा ड्रोन नजरेत ठेवून उडवायचा, हे जवळपास सगळीकडे बंधन आहे. नजर उत्तम असलेल्या माणसाला एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, एवढा बारकावा दिसतो. ३० सेंटिमीटरची वस्तू एक किलोमीटरवर नेमकी तेवढी होते. म्हणजे ८०० मीटरवर तुमचा ड्रोन दिसलाच तर ठिपका. त्याचं नाक कुठे आणि शेपूट कुठे हे सांगता येणार नाही. टेकडीमागे तर ठिपकाही नाही. तिथे एखादं दुसरं विमान, हेलिकॉप्टर किंवा घारींची जोडी आली तर तुम्हाला ते कळणारही नाही.

मी पत्रा वापरलेला आहे, तेव्हा साळसूदपणाचा आव आणत नाही. छंदाच्या पहिल्याच वर्षी नदीच्या सरळ पात्रावरून ड्रोन सोडला होता. पत्रा लावलेला, सिग्नलचे सगळे दांडे भरलेले, चित्र स्वच्छ. दोन किलोमीटर गेलो तेव्हा बॅटरी निम्म्याहून जास्त होती आणि मी स्वतःवर खूश होतो. मग वळलो. पाठीवर असलेला वारा आता समोरून आला.

हा हिशेब कुणी आधी सांगितला असता तर बरं झालं असतं. समजा, स्थिर हवेत ड्रोनचा वेग सेकंदाला १० मीटर आहे आणि वरती वारा ६ चा. वाऱ्याची पूर्ण साथ मिळाली तर जाताना १६, येताना ४. दोन किलोमीटर जायला दोन मिनिटं, यायला आठ मिनिटांहून जास्त. हवेत तरंगणाऱ्या ड्रोनची बॅटरी किलोमीटरवर जळत नाही, मिनिटावर जळते. निम्मी बॅटरी गेली की वळायचं, हा नियम त्या दिवशी मला पुरणारच नव्हता. त्यातून मी घाबरून उंची वाढवली. वर वारा जास्तच. खाली आलो असतो तर वारा कमी लागला असता, पण खाली आलं की सिग्नल जातो. सिग्नलला उंची हवी आणि बॅटरीला जमीन, या ओढाताणीत तुम्ही त्या क्षणी असता आणि पत्र्याचा त्यात काडीचा उपयोग नसतो. बॅटरी अगदी तळाला गेल्यावर ड्रोन स्वतःच उतरला, काटेरी झुडपांत. ॲपमधल्या शेवटच्या ठिकाणावरून तिसऱ्या संध्याकाळी सापडला. एक पंखा मोडलेला, कॅमेऱ्याची मान वाकडी.

त्या दिवशी पत्रा नसता तर किलोमीटरभरावर चित्र अडकलं असतं, मी वैतागून परत फिरलो असतो आणि ड्रोन हातात आला असता. म्हणून तुमचे तीन काळे पडदे मला वेगळे दिसतात. ते कुंपण होतं, आणि कुंपणापलीकडे तुमच्या ड्रोनकडे परतीपुरती बॅटरी होती की नाही, हे तुम्हीही तेव्हा बघितलं नसणार.

मग तळं सोडून द्यायचं का? मुळीच नाही. तुम्हाला रेंज वाढवायची नाहीये, तळं गाठायचंय. टेकडी चढा. तिथे जायची आणि उडवायची परवानगी असेल, तर तिच्या खांद्यावरून, जिथून तळं उघडं दिसतं अशा सपाट जागेवरून ड्रोन सोडा. अंतर ८०० मीटरवरून २०० वर येईल. त्यानंच सिग्नल सोळापट होतो, १२ डेसिबेल फुकटात. सावली संपते, चातीचा फुगवटा मोकळा होतो आणि ड्रोन डोळ्यांसमोर राहतो. दोनशे मीटरवरही नाक-शेपूट ओळखणं सोपं नाही, तेव्हा त्याच्या दिव्यांकडे लक्ष ठेवा.

एक मात्र जपा: होम पॉइंट आता टेकडीवर असेल. तळ्यावर उतरलात की ॲपमधली उंची शून्याखाली, उणे चाळीस वगैरे दिसेल, गोंधळू नका. उलट बाजूनं, बऱ्याच देशांत उंचीची मर्यादा १२० मीटर आहे आणि ती ड्रोनखालच्या जमिनीपासून मोजतात. टेकडीवरून सरळ पुढे गेलात आणि जमीन खाली निसटली, तर ॲपमध्ये ७० दिसत असतानाही तुम्ही मर्यादा ओलांडलेली असू शकते. परतीला चढ आहे, तेव्हा बॅटरी थोडी जास्त राखा; मी तिसरा हिस्सा उरला की गाशा गुंडाळतो.

धुक्याबद्दल तुम्ही काहीच विचारलं नाहीत, आणि मला काळजी सगळ्यात जास्त त्याचीच आहे. रेडिओला धुकं फारसं नडत नाही. नडतं ते ड्रोनला. छोट्या ड्रोनांचं अंग पाण्यासाठी बनवलेलं नसतं. थेंब मोटरमध्ये आणि आतल्या सर्किटच्या पाट्यांवर बसतात, पंख्यांवर साचतात. पोटाखालच्या कॅमेऱ्याला जमिनीची खूण हवी असते, आणि पाणी त्याला नेहमी फसवतं: हलणाऱ्या लाटांना जमीन समजून ड्रोन त्यांच्याबरोबर सरकू लागतो, किंवा आरशासारख्या पाण्यावर उंची चुकतो. म्हणून धुक्यात शिरायचं नाही. तळ्यावर धुक्याचा थर बसलेला असतो, त्याच्या वर, काही मीटर मोकळी हवा ठेवून राहा. चित्रही वरूनच चांगलं येतं. आत शिरलात तर पडदा नुसता पांढरा. थर वर चढताना दिसला की परत फिरा. पहाटे बॅटरी गार पडलेली असते आणि गार लिथियम बॅटरी जोर लावताच व्होल्टेज टाकते, तेव्हा ती कोटाच्या आतल्या खिशात ठेवून न्या आणि उडवल्यावर मिनिटभर जागच्या जागी तरंगू द्या.

आणि तरीही चित्र अडकलंच तर? रिमोटच्या काड्या रेटू नका. सोडून द्या, ड्रोन जागच्या जागी थांबेल. मग फक्त वर घ्या. वीस-तीस मीटर वर आला की बहुतेक वेळा सावलीतून बाहेर येतो आणि चित्र परत येतं. चित्र गेलं म्हणजे हुकूमही गेला असं नसतं, हे मघाशी आलंच आहे.

लांबवर उडवणं हाच ज्यांचा छंद आहे, ते बूस्टरच्या मागे लागत नाहीत, पद्धतच बदलतात. हातानं जोडलेल्या ड्रोनांवर ते क्रॉसफायर किंवा एक्सप्रेसएलआरएस यांसारखी कंट्रोल लिंक, म्हणजे हुकूम वाहणारी वेगळी रेडिओ जोडणी बसवतात. ती हळू बोलते, पण फार क्षीण सिग्नलही ऐकते, आणि ८६८ किंवा ९१५ मेगाहर्ट्झवर चालवली तर लहर लांब असल्यानं अडथळ्यांपाशीही जरा बरी टिकते. चित्रासाठी दोन अँटेनांचा रिसीव्हर असतो, एक चौफेर ऐकणारा आणि एक नेम धरलेला, आणि शेजारी आकाशाकडे डोळे लावून बसलेला एक जोडीदार. तुमच्या तयार ड्रोनला यातलं काही बसणार नाही. पण पुढेमागे तो किडा चावलाच तर तिकडे जा. मित्राचा पत्रा उसना आणून सपाट मैदानात, ड्रोन नजरेत ठेवून करून बघायचा असेल तर भागातली मर्यादा तपासून जरूर बघा. सिग्नलचे आकडे आधी आणि नंतर लिहून ठेवलेत तर मलाही कळवा.

राहिला भाचा. एक्स्टेंडर यूएसबीवर चालणारा असेल तर पॉवर बँकेवर चालेल आणि ड्रोन थोडा लांब जाईलही. पण साधा एक्स्टेंडर एकाच चॅनेलवर ऐकतो आणि तेच पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग साधारण निम्मा होतो आणि चित्राला उशीर होतो. भाच्याला पडद्यावर भिंत दिसेल तेव्हा ड्रोन तिला लागलेला असेल. त्याहून मोठी अडचण म्हणजे त्या खेळण्यात जीपीएस नसणार. सिग्नल तुटला की त्याला घर कुठे आहे हेच ठाऊक नसतं; जिथे असेल तिथे बसतो किंवा वाऱ्याबरोबर जातो. त्याला एक्स्टेंडर नको. आणखी दोन बॅटऱ्या आणून द्या, आणि पंख्याचे जास्तीचे संच. ते लवकरच लागतील.